वाटाड्यांची छायाचित्रे

रात्री अनोळखी मुलखात सापडलेल्या माणसाला फार पूर्वीपासून तीन वाटाडे लाभत आले आहेत : दिवा, डोंगर आणि पाखरू. दिवा कधी माणसाने दीपगृहावर किंवा गावाच्या वेशीवर लावलेला असतो, तर कधी तो आकाशात आपोआप उगवतो. डोंगर आपल्या ठराविक आकाराने दिशा सांगतो. पाखरू पाण्याकडे किंवा किनाऱ्याकडे झेपावते आणि पाहणाऱ्यास नकळत मार्ग दाखविते. या तिघांची छायाचित्रे घेणे हा केवळ हौसेचा विषय आहे, असे प्रथमदर्शनी वाटेल. परंतु डोळ्याच्या अंगी नसलेला एक गुण कॅमेऱ्याच्या अंगी आहे. डोळा क्षणाचे चित्र पाहतो व ते लगेच सोडून देतो. कॅमेरा तासाभराचा प्रकाश एकाच चित्रात साठवू शकतो. या गुणामुळे आकाशातील असंख्य दिव्यांपैकी प्रवाशाने कोणावर विसंबावे, हे छायाचित्रात उघड दिसते.

हा प्रयोग अरण्यात किंवा समुद्रकाठी जाऊनच करावा लागतो, असे नाही. राजस्थानची राजधानी जयपूर हिच्या ऐन वस्तीत, सी-स्कीम नावाच्या भागातील एखाद्या मोकळ्या गच्चीवरूनही तो करता येतो. प्रयोगात जी मोठी अडचण येते, तिचे स्वरूपही तेथेच चांगले समजते.

गच्चीवरील देखावा

जयपूर नगर सवाई जयसिंह (दुसरे) यांनी १७२७ साली वसविले. त्यानंतर दोनशेहून अधिक वर्षांनी, १९४२ ते १९४६ या काळात मिर्झा इस्माईल हे संस्थानचे दिवाण असताना, तटाबाहेरील विस्तारास वेग आला. विस्ताराच्या योजनांना इंग्रजी वर्णमालेतील अक्षरे देण्यात आली. त्यांपैकी तिसरे अक्षर ज्या योजनेस मिळाले, ती वस्ती सी-स्कीम या नावानेच रूढ झाली. तेथील एका प्रशस्त चौकात जयसिंहांचा पांढऱ्या संगमरवराचा पुतळा उभा आहे. म्हणून त्या चौकास स्टॅच्यू सर्कल म्हणतात. चौकाच्या जवळच बिर्ला तारांगण आहे. जयसिंह स्वतः ज्योतिर्विद असल्याने हे शेजारपण शोभून दिसते.

या भागातील गच्चीवर उत्तरेकडे तोंड करून उभे राहिले असता तीन थर दिसतात. जवळ घरे, झाडे व रस्त्यावरील दिवे. त्यांच्या पलीकडे अरवलीच्या रांगेची काळसर रेषा आणि तिच्यावर १७३४ साली बांधलेला नाहरगड, ज्याच्या भिंती रात्री दिव्यांनी उजळलेल्या असतात. आणि या सर्वांच्या वर, क्षितिजापासून सुमारे २७ अंश उंचीवर, ध्रुवतारा. हात ताठ पुढे धरला असता मुठीची रुंदी आकाशाचा सुमारे १० अंशांचा भाग झाकते; म्हणून क्षितिजापासून पावणेतीन मुठी वर मोजल्या की ध्रुव सापडतो.

ध्रुव हा आकाशातील सर्वांत तेजस्वी तारा आहे, हा समज सर्वत्र आढळतो. पण तो खरा नाही. तेजाच्या क्रमाने लावल्यास त्याचा क्रमांक पन्नासाच्या आसपास लागतो. प्रवाशांनी त्याला वाटाड्या मानले ते त्याच्या तेजासाठी नव्हे, तर तो जागा सोडत नाही म्हणून. हा गुण एका दृष्टिक्षेपात दिसत नाही. तो पाहण्यास धीर लागतो. आणि धीराचे काम कॅमेरा उत्तम करतो.

ध्रुव स्थिर का दिसतो

पृथ्वी आपल्या अक्षाभोवती पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. त्यामुळे सर्व तारे उलट दिशेने, तासाला १५ अंश या गतीने, सरकताना भासतात. पृथ्वीचा अक्ष उत्तरेकडे वाढविला तर तो आकाशास ज्या ठिकाणी भिडेल, त्या ठिकाणाला उत्तर ध्रुवबिंदू म्हणतात. फिरणाऱ्या जात्याचा खुंटा जसा जागचा हलत नाही, तसा हा बिंदू हलत नाही. ध्रुवतारा या बिंदूच्या अगदी जवळ आहे. सध्या त्याचे अंतर सुमारे दोन-तृतीयांश अंश भरते. त्यामुळे तोही दिवसाकाठी एक लहान वर्तुळ काढतो. पण ते इतके लहान असते की नुसत्या डोळ्याने जाणवत नाही.

ध्रुवबिंदूची क्षितिजापासूनची उंची त्या स्थळाच्या अक्षांशाइतकी असते, हा प्रवाशाच्या दृष्टीने अत्यंत उपयुक्त नियम होय. जयपुरात ती सुमारे २७ अंश, नागपुरास २१, मुंबईस १९ आणि कोल्हापुरास १७ अंशांहून किंचित कमी आहे. म्हणजे कोल्हापूरहून जयपुरास गेलेल्या विद्यार्थ्यास ध्रुव सुमारे एक मूठ वर चढलेला दिसेल. अरबी समुद्रातील जुने नाविक याच नियमावर चालत. त्यांच्याजवळ ‘कमल’ नावाचे साधे उपकरण असे. ती एक चौकोनी फळी असून तिच्या मध्यातून दोरी ओवलेली असे. दोरीची गाठ दातांत धरून फळीची खालची कड क्षितिजास लावावयाची आणि वरची कड ध्रुवास भिडते की नाही ते पाहावयाचे. निरनिराळ्या बंदरांसाठी दोरीला निरनिराळ्या गाठी असत. ज्या बंदराची गाठ जुळेल त्याच्या अक्षांशावर गलबत पोहोचले, असे समजून नाविक मग पूर्वेकडे किंवा पश्चिमेकडे वळत.

जयसिंहांनी हाच नियम दगडात बांधला. जयपूरच्या जंतरमंतरमधील सम्राट यंत्र ही सुमारे २७ मीटर उंचीची त्रिकोणी भिंत असून तिची तिरपी कड क्षितिजाशी २७ अंशांचा कोन करते. अर्थात ती कड पृथ्वीच्या अक्षाशी समांतर असून तिचा रोख ध्रुवबिंदूकडे आहे. दिवसा तिची सावली दोन्ही बाजूंच्या वक्र कट्ट्यांवर सेकंदाला सुमारे १ मिलिमीटर या वेगाने सरकते आणि वेळ दाखविते. या वेधशाळेतील ध्रुवदर्शक पट्टिका हे यंत्र तर ध्रुव पाहण्यासाठीच बांधलेले आहे. २०१० साली या वेधशाळेचा समावेश जागतिक वारसास्थळांच्या यादीत झाला.

येथे एक सूक्ष्म गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्याप्रमाणे अतिशय सावकाश डुलतो व सुमारे २६,००० वर्षांत एक फेरी पुरी करतो. या गतीस परांचन म्हणतात. तिच्यामुळे ध्रुवबिंदू ताऱ्यांमधून सरकत राहतो. जयसिंहांच्या काळी ध्रुवतारा त्या बिंदूपासून सुमारे २ अंश दूर होता, इ. स. २१०० च्या सुमारास तो सर्वांत जवळ, अर्ध्या अंशाहूनही कमी अंतरावर, येईल आणि नंतर पुन्हा दूर जाऊ लागेल. पाच हजार वर्षांपूर्वी हा मान कालेय तारकासमूहातील ठुबान या ताऱ्याकडे होता. सुमारे बारा हजार वर्षांनी तो तेजस्वी अभिजिताच्या वाट्यास येईल. म्हणजे वाटाड्याचे पद कायम आहे, पण त्यावरील तारा बदलतो.

काचेवर साठविलेला प्रकाश

ताऱ्याचे पहिले छायाचित्र १८५० साली अमेरिकेतील हार्वर्ड वेधशाळेत विल्यम बाँड व जॉन व्हिपल यांनी घेतले. तो तारा अभिजित होता. चांदीचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर त्याची प्रतिमा उमटण्यास दुर्बीण त्याच्यावर सुमारे १०० सेकंद रोखून धरावी लागली. छायाचित्रण-पट्टिकेवर प्रकाश पडू देण्याच्या या क्रियेस उद्भासन म्हणतात. उद्भासन जितके दीर्घ, तितका अधिक प्रकाश साठतो.

जयपुरात ही कला लवकर रुजली. १८३५ ते १८८० या काळात राज्य करणारे सवाई रामसिंह (दुसरे) हे स्वतः निष्णात छायाचित्रकार होते आणि त्यांनी घेतलेल्या चित्रांच्या काचा जयपूरच्या राजवाड्यातील संग्रहालयात जतन केलेल्या आहेत. त्यांच्या वेळी ओल्या काचेची पद्धत प्रचारात होती. काचेवर कलोडियनचा थर द्यावयाचा, तिला चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवावयाचे आणि ती ओली असतानाच चित्र घेऊन लगेच प्रक्षालन करावयाचे, असा तो क्रम होता. थर वाळला की काच निकामी होई. राजस्थानच्या कोरड्या हवेत यासाठी किती घाई करावी लागत असेल, याची कल्पना करता येते. या पद्धतीने माणसांची व इमारतींची चित्रे उत्तम येत. परंतु तासभर आकाशाकडे पाहत राहणे तिला साधण्यासारखे नव्हते. १८७१ साली रिचर्ड मॅडॉक्स यांनी जिलेटिनच्या कोरड्या काचेची कल्पना मांडली. पुढे तिच्यात सुधारणा झाल्यावर दीर्घ उद्भासन शक्य झाले आणि डोळ्याला कधीच न दिसलेले फिकट तारे काचेवर उमटू लागले.

रामसिंहांच्याच कारकिर्दीत जयपूरच्या रस्त्यांवर वायूचे दिवे लागले. ज्या राजाने नगरीत कॅमेरा आणला, त्याच राजाने रस्त्यावर रात्रीचा उजेडही आणला. दोन्ही गोष्टी प्रगतीच्याच होत्या. त्या पुढे एकमेकींच्या आड येतील, हे त्या काळी कोणाच्या ध्यानी येणे शक्य नव्हते.

गच्चीवरील प्रयोग

या प्रयोगास फार साहित्य लागत नाही. हाताने उघडझाप ठरविता येईल असा कॅमेरा, २४ मिलिमीटर किंवा त्याच्या आसपासचे रुंद भिंग, भक्कम तिपाई आणि दूरस्थ कळ एवढ्यावर भागते. रात्र अमावास्येच्या जवळची व निरभ्र असावी.

प्रथम दिवसाउजेडी, सकाळी किंवा सायंकाळी, त्याच जागेवरून उत्तरेकडील डोंगररेषेचे एक चित्र घ्यावे. सूर्य बाजूला असताना डोंगरांच्या घड्यांत सावल्या पडतात व त्यांचे आकार उठून दिसतात. भर दुपारी तोच डोंगर सपाट भासतो. वाटसरू डोंगर ओळखतो तो त्याच्या रंगावरून नव्हे, तर कडेच्या रेषेवरून. म्हणून चित्रात ती रेषा स्वच्छ आली पाहिजे. तिपाईच्या पायांच्या जागा खडूने आखून ठेवाव्यात.

रात्री त्याच खुणांवर तिपाई ठेवून कॅमेरा उभा धरावा. तळाशी डोंगररेषा आणि वरच्या भागात ध्रुव येईल अशी चौकट साधावी. दूरच्या एखाद्या दिव्यावर किंवा तेजस्वी ताऱ्यावर भिंग हाताने नेमके जुळवावे व नंतर त्यास हात लावू नये. भिंगाचे छिद्र एफ ४, संवेदनक्षमता ४०० आणि उद्भासन ३० सेकंद अशी मापे आरंभी घ्यावीत. मग एकामागून एक, मध्ये क्षणाचाही अवकाश न ठेवता, सुमारे १२० चित्रे घ्यावीत. यास एक तास लागतो.

तासाचे एकच उद्भासन का करू नये, असा प्रश्न सहज उद्भवतो. सी-स्कीमसारख्या वस्तीत रस्त्यांचे व इमारतींचे दिवे हवेतील धूळ आणि बाष्प उजळून टाकतात. ही उजळी संपूर्ण आकाशभर पसरते व उद्भासनाबरोबर साठत जाते. तासाभरात चित्र पांढुरके होऊन तारे त्यात बुडून जातात. लहान लहान चित्रांत मात्र ती मर्यादेत राहते. ही सर्व चित्रे नंतर संगणकावर एकमेकांवर ठेवून प्रत्येक बिंदूसाठी त्यांतील सर्वांत उजळ नोंद तेवढी घ्यावी. आकाशाची उजळी सर्व चित्रांत सारखीच असल्याने ती वाढत नाही. तारा मात्र प्रत्येक चित्रात थोडा पुढे सरकलेला असल्याने त्याचे ठिपके जुळून एक रेषा तयार होते.

चित्र सिद्ध झाल्यावर त्यात १५ अंशांचे अनेक कंस दिसतात. बाहेरचे कंस लांब, आतले आखूड. जसजसे मध्याकडे जावे तसतसे ते लहान होत जातात आणि शेवटी एक जाडसर ठिपका उरतो, तोच ध्रुव. कोणी शिकविले नाही तरी हे चित्र पाहणाऱ्याची दृष्टी आपोआप त्या ठिपक्याकडे जाते. सप्तर्षींचा शोध न घेता, नावे पाठ न करता, निव्वळ फिरण्यावरून न फिरणाऱ्याची ओळख पटते. कार्तिकातल्या सायंकाळी तर सप्तर्षी क्षितिजाखाली गेलेले असतात व त्यांच्याऐवजी शर्मिष्ठा वर आलेली असते. तरीही कंसांचा मध्य तोच राहतो.

पाखरे आकाश कशी वाचतात

माणसाने हे ज्ञान अनेक पिढ्यांच्या निरीक्षणाने मिळविले. परंतु त्याच्या आधीपासून आकाश वाचणारे प्रवासी पृथ्वीवर होते.

पाखरांना वाटाडे मानण्याची चाल आपल्याकडे प्राचीन आहे. व्यापारी गलबतावर तीर शोधणारा पक्षी बाळगीत. तो सोडल्यावर जमीन दिसली तर तिकडे जाई, न दिसली तर गलबतावर परत येई. असा दृष्टांत पाली भाषेतील दीघनिकायात आला आहे. राजस्थानच्या कोरड्या मुलखात पखुर्डी हा पक्षी पाण्याची दिशा दाखवितो. पखुर्ड्या कोरडे बी खातात, म्हणून त्यांना रोज पाण्यावर यावे लागते. त्यांचे थवे ठराविक वेळी, सरळ रेषेत, पाणवठ्याकडे उडत जातात. नर आपल्या पोटाच्या पिसांत पाणी शोषून घेतो व ते दूरवरच्या पिलांना नेऊन पाजतो. पाणवठ्यावर त्यांचे चित्र घ्यावयाचे असल्यास उजाडण्यापूर्वीच आडोशास बसावे, लखलखाट करणारा दिवा वापरू नये व थवा उडून जाईपर्यंत हलू नये. बिचकलेला पक्षी तहानलेला परततो आणि त्याच्याबरोबर त्याची पिलेही तहानलेली राहतात.

जे पक्षी रात्री शेकडो कोस प्रवास करतात, त्यांना दिशा कशी कळते, हा प्रश्न याहून कठीण होता. १९५० नंतरच्या दशकात जर्मनीतील फ्रांझ सौअर यांनी काही वटवटे तारांगणाच्या घुमटाखाली, कृत्रिम आकाशात ठेवून पाहिले. त्यांत पांढऱ्या गळ्याचा एक चिमुकला वटवट्याही होता. हीच जात हिवाळ्यात राजस्थानातील बाभळींवर सर्रास आढळते. घुमटावरील ताऱ्यांनुसार हे पक्षी आपला रोख ठरवितात, असे त्यांना दिसून आले.

पुढे अमेरिकेतील स्टीफन एम्लेन यांनी हा शोध निर्णायक टप्प्यावर नेला. त्यांनी इंडिगो बंटिंग या निळ्या भारिटाची निवड केली. हिवाळ्यात महाराष्ट्रातील ज्वारीच्या शेतांत थव्यांनी उतरणारा काळ्या डोक्याचा भारीट दिसण्यात याच्याहून वेगळा असतो. एम्लेन यांचा पिंजरा नरसाळ्याच्या आकाराचा होता. तळाशी शाईची गादी आणि उतरत्या बाजूंना पांढरा कागद. प्रवासाच्या ऋतूत अस्वस्थ झालेला पक्षी ज्या दिशेने उड्या मारी, त्या दिशेच्या कागदावर त्याच्या पायांचे शाईचे ठसे उमटत. हेही एक प्रकारचे दीर्घ उद्भासनच होते. फरक इतकाच की प्रकाशाऐवजी पावले साठत होती.

१९७० साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात पिलांचे तीन गट होते. पहिल्या गटास लहानपणी तारे दाखविलेच नाहीत. दुसऱ्यास तारांगणातील नेहमीचे आकाश, ध्रुवाभोवती फिरणारे, दाखविले. तिसऱ्यास मात्र मृगातील काक्षी या तांबूस ताऱ्याभोवती फिरणारे खोटे आकाश दाखविले. शरद ऋतूत तिन्ही गटांची परीक्षा झाली. पहिल्या गटास कोणतीही निश्चित दिशा सापडली नाही. दुसरा गट ध्रुवाकडे पाठ करून दक्षिणेकडे वळला. तिसरा गट काक्षीकडे पाठ करून, जणू तोच ध्रुव आहे असे मानून, निघण्यास सिद्ध झाला.

यावरून उघड झाले की पिलू ताऱ्यांचा नकाशा जन्मतः घेऊन येत नाही. ते घरट्यात असताना व नंतरच्या काही आठवड्यांत रात्रीचे आकाश पाहते, कोणता भाग फिरतो व कोणता फिरत नाही हे हेरते आणि त्यावरून आपली दिशा पक्की करते. गच्चीवरील कॅमेऱ्याने तासाभरात जे टिपले, तेच हे पिलू आपल्या मेंदूत टिपते. पक्ष्यांना सूर्य, भूचुंबकत्व, डोंगर व नद्या यांचाही आधार असतो, हे खरे. पण ताऱ्यांचा पाठ त्यांना प्रत्येक पिढीत नव्याने शिकावा लागतो, आणि त्यासाठी तारे दिसावे लागतात.

वाट चुकविणारे दिवे

सी-स्कीमच्या गच्चीवरील चित्रात जी उजळी अडथळा ठरली, तिचे महत्त्व आता ध्यानात येईल. तिने केवळ छायाचित्र बिघडत नाही. तिच्यामुळे पाठ्यपुस्तकाचे पान पुसले जाते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक नकाशानुसार पृथ्वीवरील पाचांपैकी चारांहून अधिक माणसे कृत्रिम उजेडाने फिकट झालेल्या आकाशाखाली राहतात आणि सुमारे एक-तृतीयांश मानवजातीला आपल्या घरून आकाशगंगा दिसत नाही.

ढगाळ रात्री दीपगृहाच्या झोताभोवती पाखरे गोळा होतात व कित्येकदा त्यावर आपटून मरतात, हे दीपगृहांच्या रखवालदारांना फार पूर्वीपासून ठाऊक होते. याचे मोजमाप न्यूयॉर्क शहरात झाले. तेथे दर वर्षी ११ सप्टेंबरच्या रात्री स्मृत्यर्थ दोन प्रचंड प्रकाशझोत आकाशात सोडले जातात. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार अशा सात रात्रींत मिळून सुमारे ११ लक्ष पक्षी त्या झोतांच्या प्रभावाखाली आले व घिरट्या घालू लागले. मात्र झोत विझविताच थोड्याच वेळात ते पांगले आणि आपल्या मार्गास लागले. या निष्कर्षाचा दुसरा भाग पहिल्याइतकाच मोलाचा आहे. पाण्यात मिसळलेले विष काढण्यास वर्षे लागतात. उजेड मात्र कळ दाबताच नाहीसा होतो.

महाराष्ट्रातील उदाहरण रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास गावाचे आहे. तेथील किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीची समुद्रकासवे अंडी घालतात आणि २००२ पासून तेथे त्यांच्या संरक्षणाचे कार्य चालू आहे. वाळूतून बाहेर पडलेले पिलू क्षितिजाच्या अधिक उजळ बाजूकडे धावते. काळोख्या किनाऱ्यावर ती बाजू समुद्राची असते. किनाऱ्यामागे प्रखर दिवे लागले तर पिलू उलट दिशेने चालू लागते. म्हणून अशा ठिकाणी छायाचित्रकाराने कोणताही कृत्रिम प्रकाश टाकू नये. पहाटेच्या वा सायंकाळच्या उजेडावर भागवावे. चित्र साधले आणि पिलू चुकले, तर ते चित्र फार महाग पडले असे म्हणावे लागेल.

उपाय खर्चिक नाहीत. दिव्यावर वरून झाकण बसवून प्रकाश फक्त जमिनीवर पाडावा. पांढऱ्या-निळ्या दिव्याऐवजी पिवळसर दिवा वापरावा, कारण निळा प्रकाश हवेत अधिक विखुरतो. उपयोग संपला की दिवा मालवावा. रस्त्यावरील माणसाला दिवा हवाच. परंतु तो त्याच्या पायांपुढे हवा, आकाशात नव्हे. जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्पास भारतातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. आसपासच्या गावांतील रस्त्यांचे दिवे बदलून त्यांचा प्रकाश खाली वळविणे हा त्या कार्याचाच एक भाग होता.

चंद्रबिंबावरून जाणारे प्रवासी

शहरी विद्यार्थ्याने निराश होण्याचे कारण नाही. शहराच्या उजळीला न जुमानणारा एक दिवा आकाशात आहे. तो म्हणजे चंद्र. १९४० नंतरच्या दशकात अमेरिकेतील जॉर्ज लाउरी यांनी पौर्णिमेच्या सुमारास चंद्रबिंबावर दुर्बीण रोखून त्याच्यासमोरून जाणारी पाखरे मोजण्याची रीत सुरू केली. कोजागरीची रात्र या कामास फार सोयीची, कारण तेव्हा उत्तरेकडून येणाऱ्या पाहुण्यांचा ऋतू चालू असतो.

यासाठी ३०० मिलिमीटर किंवा त्याहून लांब भिंग घ्यावे. चंद्राची प्रतिमा भिंगाच्या लांबीच्या सुमारे ११० व्या भागाइतकी, म्हणजे येथे पावणेतीन मिलिमीटरची, पडते. पूर्णचंद्र हा सूर्यप्रकाशात न्हालेला खडक असल्यामुळे त्यास दीर्घ उद्भासन लागत नाही. संवेदनक्षमता ८०० व छिद्र एफ ११ ठेवल्यास सेकंदाचा ८०० वा भाग पुरतो, आणि एवढ्या अल्प वेळात उडणाऱ्या पाखराची आकृतीही पुसट होत नाही. बिंबावरून एखादी काळी आकृती सर्रकन गेली की तिची वेळ व दिशा टिपून ठेवावी. वटवाघूळ झोके घेत, वळत जाते. प्रवासी पाखरू सहसा सरळ रेषेत जाते. दिव्यांनी झगमगणाऱ्या नगरावरूनही प्रवासी जातच असतात, हे त्या इवल्याशा आकृतीने सिद्ध होते. ते कोणत्या दिशेने जातात, हे सांगण्यास पायाशी डोंगररेषा आहे आणि डोक्यावर, दिसला तर, ध्रुव आहे.

अभ्यास

१. कोनमापक, दोरा व दगड यांच्या साहाय्याने आपल्या गावातून ध्रुवाची उंची मोजा. ती नकाशातील अक्षांशाशी ताडून पाहा.

२. आपल्या गच्चीवरून उत्तरेकडील क्षितिजरेषेचे दिवसा एक व रात्री एक, अशी दोन छायाचित्रे एकाच जागेवरून घ्या. रात्रीच्या चित्रात कोणत्या खुणा टिकल्या व कोणत्या नाहीशा झाल्या, त्यांची यादी करा.

३. गच्चीवरून व गावाबाहेरील काळोख्या माळावरून सारख्याच मापांची दोन तारकाचित्रे घ्या. दोन्हींतील सारख्या क्षेत्रफळाच्या चौकोनात किती तारे उमटले ते मोजा.

४. एम्लेन यांच्या प्रयोगात तिसऱ्या गटाची आवश्यकता काय होती? केवळ पहिले दोन गट असते तर कोणती शंका शिल्लक राहिली असती?

५. आपल्या शाळेच्या किंवा वाचनालयाच्या आवारातील दिव्यांपैकी किती दिव्यांचा प्रकाश आकाशाकडे जातो, ते पाहा. ज्यांच्यावर झाकण बसविता येईल, ते दिवे दाखविणारा एक आराखडा काढून संबंधितांस द्या.